खालून कापलेलं उत्तर

"मॅडम, माझं उरलेलं उत्तर कुठं गेलं?"

सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी वारज्याच्या घरी एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात आमचाच पेपर घेऊन बसले होते. फोनवर दत्ता शेवकरी होते, बिबवेवाडीतले अपक्ष उमेदवार. महापालिकेची निवडणूक अगदी तोंडावर आली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रचार थांबणार होता.

"जागा कमी होती हो, शेवकरी," मी म्हणाले. तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं होतं की ते आपोआप तोंडातून यायचं.

"जागा कमी होती ना? मग सगळंच कापायचं होतं. अर्धं ठेवलंत, त्यानं माझा पार पोपट झाला."

मी एका मोठ्या मराठी दैनिकात डेस्कप्रमुख होते. डेस्क म्हणजे बातम्या आणणारे नव्हे, तर आलेली बातमी तपासून, लहान करून, मथळा देऊन पानात बसवणारे लोक. आमची नावं वाचकांना ठाऊक नसतात आणि ते आमच्या तब्येतीला बरं असतं. हे दैनिक ज्या समूहाचं, त्याच समूहाचं एफएम स्टेशन होतं, अर्ध्या शहरात केबल होती आणि चौकाचौकांत होर्डिंग होती. बिबवेवाडीतला माणूस सकाळी आमचा पेपर वाचायचा, रिक्षात आमचा रेडिओ ऐकायचा, सिग्नलला आमचं होर्डिंग बघायचा आणि घरी येऊन आमच्याच केबलवर मालिका लावायचा. वार्षिक मीटिंगमध्ये हे आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितलं जायचं. आम्ही टाळ्या वाजवायचो. नंतर जेवण चांगलं असायचं.

निवडणुकीसाठी आम्ही एक सदर चालवत होतो. प्रत्येक उमेदवाराला तेच पाच प्रश्न, प्रत्येक उत्तराला चाळीस शब्द, शेजारी फोटो. पक्ष मोठा असो की अपक्ष, माप एकच. या सदराचं पान माझ्याकडे होतं.

शेवकरी पूर्वी केबलवाले होते. घराघरांत वायर टाकण्यापासून तक्रारी ऐकण्यापर्यंत सगळं स्वतः करायचे. त्यांचं छोटंसं लोकल चॅनेल होतं. पाणी किती वाजता येणार, कुणाचं पाकीट सापडलंय, कुठल्या गल्लीतली ड्रेनेज लाइन तुंबलीय, अशा बातम्या ते स्वतः वाचून दाखवायचे. मग आमच्या समूहाची केबल तिथे आली आणि बघता बघता शेवकऱ्यांचं चॅनेल बंद पडलं. आता त्यांचं मिक्सर-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी उत्तरं रेघी कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला होता. अक्षर सुरेख होतं.

पाचवा प्रश्न होता, निवडून आलात तर पहिलं काम कोणतं करणार? त्यांच्या उत्तरातलं आम्ही छापलं ते असं:

"पेपर, केबल, रेडिओ आणि होर्डिंग सगळं एकाच घराकडे आहे. आपल्या प्रभागात काय चाललंय ते हे सांगतील तेवढंच आपल्याला कळणार. एवढ्या मोठ्या मीडिया कंपन्या तोडल्या पाहिजेत. मी निवडून आलो तर त्या तोडणार."

आणि कापलं ते असं:

"नगरसेवकाला कंपनी तोडता येत नाही, तो कायदा दिल्लीचा. पण रस्ता खोदून केबल टाकायची परवानगी आणि होर्डिंगची जागा महापालिका देते. एका प्रभागात ही दोन्ही एकाच समूहाला द्यायची नाहीत, असा ठराव मी मांडणार."

आमच्या धंद्यात 'खालून कापणे' नावाची पद्धत आहे. बातमीदार महत्त्वाचं वर लिहितो आणि किरकोळ खाली. जागा कमी पडली की डेस्कने शेवटचा परिच्छेद उडवायचा, फारसा विचार करायचा नाही. पद्धत चांगली आहे. फक्त सामान्य माणसं अशी बोलत नाहीत. ती आधी मनातली चीड ओकतात, मग श्वास घेतात आणि कामाचं शेवटी सांगतात. हे मला तीस वर्षांत कळलेलं नव्हतं असं नाही.

आदल्या दिवशी पान लावताना मी स्वतःवर खूश होते. आपल्याच मालकाची कंपनी तोडायची भाषा आपल्याच पेपरात! शेजारच्या टेबलावरचे क्रीडा पानाचे सहकारी मान पुढे करून वाचून म्हणाले, "बाई, धाडस केलंत." मी नुसती हसले. हसू जरा जास्तच वेळ टिकलं असावं.

आता फोनवर शेवकरी मला त्या धाडसाचा निकाल वाचून दाखवत होते. त्यांच्या भागातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून तेच चाललं होतं.

"ऐका मॅडम. 'दत्ताभाऊ, आधी आमची वायर जोडा, मग कंपन्या तोडा.' हे एक. दुसरं, 'नगरसेवक झाल्यावर हे अमेरिकेच्या पण कंपन्या तोडणार.' हसण्याच्या बाहुल्या तर किती मोजायच्या? पण ते सोडा. माझी सून म्हणाली, बाबा, असं लिहून द्यायच्या आधी मला दाखवायचं तरी."

"तुम्ही तिला कागद दाखवला नाही?"

"दाखवला की. म्हणाली, पेपरात तर हे नाही. वेडा ठरलो तर मत कोण देणार हो? पडलो तर पडलो, त्याचं काही नाही. पण ठराव बरोबर हाय का चूक, हे तरी लोकांनी बघायला पाहिजे होतं. तेवढ्यासाठीच तर फॉर्म भरला."

मी म्हणाले, बघते. हेही आमचं नेहमीचं वाक्य.

ऑफिसला पोचल्यावर आधी कॉम्प्युटरवर सगळ्या उमेदवारांची मूळ उत्तरं उघडली. स्वतःची बाजू भक्कम करावी असा विचार होता. माप सगळ्यांना एकच होतं, हे दाखवलं की विषय संपला.

त्याच प्रभागातल्या एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराने पाचव्या प्रश्नाला शंभरावर शब्द लिहून पाठवले होते. क्रीडा संकुल, नेत्यांचे आभार, आणखी आभार. ते मी खालून कापलं नव्हतं. नीट बसून पुन्हा लिहिलं होतं. आभार काढले होते, संकुल कुठे होणार आणि जागा कुणाची आहे ते ठेवलं होतं. त्यांच्या शंभर शब्दांत नव्हतं तितकं स्पष्ट ते माझ्या चाळीस शब्दांत झालं होतं. बाकीच्यांचंही तसंच. एकूण एक उत्तर मी मन लावून आटोपशीर केलं होतं. कात्री चालवली होती ती एकट्या शेवकऱ्यांच्या उत्तरावर.

मग मी त्यांचे छापलेले शब्द मोजले. एकतीस. म्हणजे पुढचं वाक्य, 'नगरसेवकाला कंपनी तोडता येत नाही, तो कायदा दिल्लीचा' हे, आठ शब्दांचं, मापात बसत होतं. तरी मी त्याच्या आधी थांबले होते. कारण ते वाक्य ठेवलं की 'पण' आलाच असता आणि 'पण'च्या पुढे आमच्या समूहाच्या केबलचे खड्डे आणि होर्डिंगच्या जागा होत्या. कंपन्या तोडण्याच्या गर्जनेने कुणाचं काही बिघडत नव्हतं. ठरावाने बिघडलं असतं. हे मला पान लावताना कळलं होतं का? कळलं होतं. शब्दांत नव्हे, पण हाताला कळलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

दुपारी चार वाजता मी संपादकांच्या केबिनमध्ये गेले. जोगळेकर सर माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. सज्जन, सावध आणि रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेणारे. मी दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले.

त्यांनी वाचले. हळूच विचारलं, "तुम्हाला वरून कुणाचा फोन होता?"

"नाही. तुम्हाला?"

"छे हो. मी तर सकाळी पेपर बघितला आणि म्हटलं, बाईंनी छान सांभाळून घेतलंय."

"सर, उद्याच्या अंकात खुलासा द्यायचा आहे. पूर्ण उत्तरासकट. परवा देऊन उपयोग नाही, प्रचार संपलेला असेल."

"निवडणुकीत एकाचा खुलासा दिला की सगळे रांग लावतात."

"बाकीच्यांचं मी कापलेलं नाही. बघून आलेय."

ते खुर्चीत मागे टेकले. "वेबसाइटवर टाकू या पूर्ण उत्तर. तिथे जागेचा प्रश्न नाही."

"हसणारे पेपर वाचून हसलेत, सर. त्यांच्या ग्रुपवर पेपरचाच फोटो फिरतोय."

त्यांनी दोन्ही कागद पुन्हा एकदा वाचले. मग ते म्हणाले, "बरं. चार ओळी लिहा. 'अनवधानाने' म्हणा आणि मोकळ्या व्हा."

इथे वाचकांना सांगायला हवं. वर्तमानपत्रातला प्रत्येक खुलासा या एका शब्दाने सुरू होतो. अनवधानाने आडनाव चुकलं, अनवधानाने फोटो बदलला. त्या शब्दाखाली सगळे सुखाने झाकले जातात. मी स्वतः तो शेकडो वेळा लिहिला आहे.

"ते नाही लिहिता येणार," मी म्हणाले. "अनवधान नव्हतं."

"मग काय लिहिणार?"

"संपादन करताना उत्तराचा महत्त्वाचा भाग 'वगळला गेला' नाही, मी वगळला. वगळायला नको होता. उमेदवाराचं पूर्ण उत्तर असं आहे. खाली डेस्कप्रमुख."

"अहो, चुकीखाली कुणी सही करतं का? उद्या वरून विचारणा झाली तर मी काय सांगू?"

"माझं नाव सांगा. म्हणून तर सही करतेय."

त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. मग घड्याळाकडे बघत म्हणाले, "पान छपाईला किती वाजता सोडता?"

"साडेसहाला."

"मला सव्वासहाला दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय. फोन बंद असेल."

जोगळेकर सरांकडून याहून मोठी परवानगी मी कधी ऐकली नव्हती. मी खुलासा लिहिला, पूर्ण उत्तराचे बासष्ट शब्द खाली लावले आणि जागेसाठी स्वतःच्याच एका आवडत्या मथळ्याची एक ओळ कमी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवकऱ्यांचा फोन आला. मागे ढोल वाजत होते, कुणाची तरी शेवटची फेरी चालली होती.

"मॅडम, सकाळी दोन सोसायट्यांत जाऊन आलो. एका काकांनी तुमचं ते कात्रण खिशातून काढलं आणि विचारलं, असा ठराव खरंच करता येतो का?"

"मग?"

"मग काय, समजावून सांगितलं. अर्धा तास उभे होते सगळे. हसलं नाही कुणी."

ते पडले. तिसरे आले. निवडून आलेल्यांपैकी कुणी तो ठराव मांडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. वायरी जिथल्या तिथे आहेत, होर्डिंगही.

आठवड्याभराने मला खराडीच्या कॉर्पोरेट ऑफिसात बोलावलं. समोर चाळिशीचे एक अधिकारी होते. अतिशय नम्र. कॉफी मागवली, तब्येत विचारली. मग म्हणाले, "मॅडम, पहिल्याच दिवशी पूर्ण उत्तर छापलं असतं ना, तर कुणी लक्षही दिलं नसतं. आमची काहीच हरकत नव्हती. तुम्ही खुलासा दिलात म्हणून लोकांनी कात्रण कापून ठेवलं."

"हरकत नव्हती?" मी विचारलं.

"अजिबात नाही. तुम्ही विचारायचं तरी."

हे ते खरं सांगत होते की आता सांगायला सोपं होतं म्हणून सांगत होते, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पुढच्या महिन्यात माझी बदली राशिभविष्य आणि शब्दकोड्याच्या पानावर झाली. निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. काम हलकं होतं. एकदाच कन्या राशीच्या माणसाने तक्रार केली.

नव्या मुलांपुढे बोलायला मला अजून कधीतरी बोलावतात. ती हमखास विचारतात, मालकांकडून किती दबाव यायचा? मी खरं ते सांगते. तीस वर्षांत 'हे छापू नका' असं मला कुणीही, एकदाही सांगितलं नाही. सांगायची वेळच मी कुणावर येऊ दिली नाही.