डॉक्टरबाईंच्या चपला

मी कंपाउंडर. अंबरनाथशेजारच्या कॅम्प तीनमधल्या आमच्या दवाखान्यात दिवसभर जे घडतं ते वहीत लिहितो. तापाचं थोडं, माणसांचं जास्त! वह्या आता औषधांच्या कपाटात मावत नाहीत.

सुनेसोबत सासू येणारच. डॉक्टरबाई सुनेला विचारतात, "कुठं दुखतं?"

"पोटात," सासू सांगते.

"भूक लागते?"

"कमीच हो."

एके दिवशी बाईंनी स्टेथोस्कोप सासूच्या छातीवर टेकवला. "मग श्वासही तुम्हीच घ्या!"

बाकावर बसलेल्या वत्सलाबाई खो खो हसल्या. या खरवई गावच्या. शुगर, तळपायाला जखम, आणि मुलाचं लग्न होईपर्यंत अनवाणी राहायचा देवीला नवस!

"चपला घाला, नाहीतर पाऊल कापावं लागेल," बाई म्हणाल्या.

"लगीन झाल्याबिगर पायान चपला घालाची नाय."

मुलगा रडला, जावई ओरडला. काही उपयोग नाही.

एकदा बाई सुट्टीवर होत्या. बदली आलेल्या तरुण डॉक्टरांनी जीन्सच्या कारखान्यातल्या कारागिराची निळी नखं पाहिली आणि ते ओरडले, "ऑक्सिजन!" कारागीर आला होता खरूज दाखवायला! मी नखांवर स्पिरिटचा बोळा फिरवला, बोळा निळा झाला. "सर, हा आमच्या कॅम्पचा रंग आहे."

अंबरनाथचे एक रिटायर्ड साहेब संकष्टीला बीपीची गोळी घेत नसत. बाई म्हणाल्या, "गोळीसाठी चंद्रोदयापर्यंत थांबलात, तर चंद्र नाही, मी दिसेन!"

वत्सलाबाईंची जखम मात्र वाढत होती. शेवटी एक दिवस बाईंनी ड्रेसिंग करता करता विचारलं, "देवीला अनवाणी पायच हवेत ना? माझे चालतील का, विचारून या."

वत्सलाबाई दोन दिवसांनी आल्या. "चालतील. देवीनं उजवा कौल दिला."

बाईंनी तिथल्या तिथे आपल्या मऊ सोलच्या चपला काढल्या आणि त्यांच्यापुढे सरकवल्या.

त्या दिवसापासून आमच्या डॉक्टरबाई, एमडी, शेअर रिक्षातून अनवाणी उतरायच्या! मी दर सोमवारी जखमेचं माप लिहीत गेलो. रुपयाएवढी. चण्याएवढी. मग नुसता डाग.

लग्न खरवईलाच झालं. आम्ही दोघं गेलो. फोटोग्राफर बाईंना म्हणाला, "मॅडम, चपला घालून या ना, पूर्ण फोटो येतोय."

तेवढ्यात वरमाय स्टेजवरून उतरल्या. हातात नवा खोका. सगळ्या मांडवादेखत खाली बसल्या, बाईंचे पाय पदराने पुसले आणि चपला चढवल्या.

"आता घाला, बाई. नवस दोघींचा व्हता."