त्याला विचारलं कोणी?

माझ्या मित्राला प्रभुभोजन घ्यायचं होतं, आणि मी चर्चच्या पंचमंडळाच्या बैठकीत सांगून आलो की त्याला ते नको आहे. त्याला न विचारता.

विचारायला तो काही अमेरिकेत नव्हता. इथंच गुजरातेत, फतेगंजात, चर्चच्या मागच्याच गल्लीत तो आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहतो, आणि शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे कॅरम खेळत पडलेला असतो. त्याला डाउन सिंड्रोम आहे. वयानं माझ्याहून थोडा मोठा, पन्नाशी ओलांडलेला. बोलतो मोजकं आणि जड, पण कान सरावले की सगळं कळतं. चर्चमधल्या काही बायका त्याच्या गालाला हात लावून ‘देवाचं लेकरू’ म्हणतात. त्यांनी एकदा त्याच्याशी कॅरम खेळावा. देवाचं लेकरू राणीला बोटानं ढकलत भोकापर्यंत नेतं आणि म्हणतं, “माझी.” हरकत घेतली तर स्ट्रायकरवर बसून राहतं. रविवारी उपासना झाली की आम्ही माझ्या स्कूटरवरून सेव उसळ खायला जातो. वळायचं असेल त्या बाजूच्या खांद्यावर तो मागून गुद्दा घालतो, झणझणीत तरी दोनदा मागून घेतो, आणि माझ्या बशीतला पाव बिनदिक्कत उचलतो. दुसऱ्या कोणी उचलला असता तर मी भांडलो असतो.

आमच्याकडे प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या नावानं भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, पुढं जायचं तर आधी प्रश्नोत्तरं पाठ करून पंचांपुढं उभं राहावं लागतं. दहा आज्ञा वगैरे सगळं. मी कॉलेजात जायच्या आत ते घोकलं, पंचांपुढं धडाधड ओकलं आणि मोकळा झालो. त्याला कोणी उभंच केलं नाही. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या रविवारी एकेक बाक उठायला लागला की तो जागेवर राहायचा आणि आम्हाला जाता यावं म्हणून गुडघे बाजूला घ्यायचा. इतकी वर्षं मी त्या गुडघ्यांना वळसा घालून पुढं गेलो, प्रभूची भाकर खाल्ली आणि परत त्याच्या शेजारी येऊन बसलो. काही खटकलं नाही. उलट, गुडघे किती शिस्तीत घेतो म्हणून कौतुकच वाटायचं.

यंदा त्याच्या आईनं पंचमंडळाकडे शब्द टाकला. “माझ्या डोळ्यांदेखत त्याला पुढं जाऊ द्या,” एवढंच.

पंचांमध्ये मीही आहे. का, ते माहीत नाही. निवडीच्या दिवशी मी हजर होतो हे एक कारण असावं. सेक्रेटरीबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, “तुम्ही त्याचे मित्र. त्याला हवंय हे, की आईलाच?”

तेवढ्यात चहा आला. बरोबर नानखटाई होती.

“त्याला काही नाही हो त्याचं,” मी म्हणालो. “तो बाकावर खूश असतो.”

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. विषय संपला. मी नानखटाई चहात बुडवली.

शनिवारी कॅरम मांडला तेव्हा मावशींनी, म्हणजे त्याच्या आईनं, माझ्यापुढं चहाचा कप आपटलाच. मग त्याला म्हणाल्या, “ह्यानं सांगितलंय तिथं, तुला नको म्हणून.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “मला विचारलंस?”

“नाही, पण मला वाटलं...”

“विचारलंस?”

“नाही.”

त्यानं बोर्डावरच्या सोंगट्या गोळा करून डब्यात भरल्या, झाकण घट्ट लावलं आणि मला दार दाखवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासनेनंतर पाळकांच्या शेजारी दारात उभं राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवायचा, ही त्याची नेमणूक. ती त्यानं स्वतःच केलेली आहे आणि आजवर कोणाची काढून घ्यायची हिंमत झालेली नाही. त्या दिवशी त्यानं झाडून सगळ्यांशी हात मिळवला. माझी पाळी आली तसा हात पाठीमागे गेला. मी हात पुढं धरून उभा, माझ्यामागे रांग तुंबलेली, आणि बाहेर गुजराती मंडळी खोळंबलेली, कारण आमच्यानंतर त्यांची उपासना असते. “चालो ने भाई,” कोणीतरी म्हणालंसुद्धा. त्याचा हात काही आला नाही. शेवटी पाळकांनीच दया येऊन माझा हात हातात घेतला. त्या दिवशी सेव उसळ मी एकट्यानं खाल्ली. पाव उरला.

पुढच्या बैठकीत मी विषय पुन्हा काढला.

“गेल्या खेपेला तुम्हीच म्हणालात, त्याला नको,” बाई म्हणाल्या.

“थाप मारली. विचारलंच नव्हतं.”

“बरं. पण त्याला अर्थ कळणार आहे का ह्याचा?”

इथं माझं डोकं फिरलं. “इथं कोणाला कळतो? घ्या ना परीक्षा सगळ्यांची! ज्याला सांगता येणार नाही त्यानं रविवारी बाकावर बसायचं. माझ्यापासूनच सुरुवात करा.”

असली वाक्यं बोलायची असतात, समोरच्यानं ती मनावर घ्यायची नसतात. पण बाईंचा जन्म शाळेत गेलेला. “सातवी आज्ञा?”

“चोरी करू नको.”

“ती आठवी.” बाईंनी चष्मा काढला. “सातवी व्यभिचाराची. बायकोमुलं असलेल्या माणसाला नेमकी तीच आठवू नये?”

पंचांना खोकला आला. पाळक वयानं तरुण आहेत, ते खिडकीबाहेर बघू लागले. मी घरी पोचायच्या आत बातमी बायकोपर्यंत पोचली होती, पण ते वेगळं प्रकरण.

“झालं तर मग,” मी म्हणालो. “मी नापास. जोवर तो बसेल तोवर मीही बसणार. पंच असून बसणार. आणि कोणी विचारलं तर कारणही सांगणार.”

“ही धमकी समजायची का?”

“हो.”

विचार करू, असं ठरलं. आमच्या पंचमंडळाच्या विचाराआधी प्रभूचं दुसरं आगमन होऊन जाईल.

महिन्याचा पहिला रविवार आला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, पण वीतभर आत सरकला. आमच्या बाकाची पाळी आली, तशी सवयीनं त्यानं गुडघे बाजूला घेतले. मी हाताची घडी घातली आणि जागचा हललो नाही. मनातल्या मनात मी तेव्हा फार थोर माणूस झालो होतो. बायको मला ओलांडताना माझ्या पायावर पाय देऊन गेली. चुकून नव्हे.

“जा ना,” तो कुजबुजला. त्याची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत पोचते.

“नाही जाणार. तुला नाही तर मलाही नको.”

“तुला नको?”

“नको.”

त्यानं थोडा विचार केला. “मला हवंय,” म्हणाला, आणि उठला. मला ढकलून बाहेर पडला आणि पट्टा वर ओढत मधल्या वाटेनं सावकाश चालू लागला. पुढं खुर्चीवर बसलेल्या मावशी अर्ध्या उठल्या आणि तशाच राहिल्या. वेदीपुढच्या कठड्याशी नेमकी बाईंच्या शेजारी जागा होती. तिथं त्यानं गुडघे टेकले आणि दोन्ही हात पुढं केले.

पाळक तबक घेऊन त्याच्यापुढं आले आणि थांबले. सगळं चर्च बघत होतं. दारातून गुजराती मंडळीही बघत होती.

“मला,” तो म्हणाला. विनंती नव्हती ती. राणी घेताना लावतो तोच आवाज.

बाईंनी आपलं कोपर आत घेतलं, त्याला नीट जागा व्हावी म्हणून. पाळकांनी भाकर दिली. मग पेला.

उद्या कोणी बैठकीत विचारलंच, हे रीतसर झालं का, तर माझं उत्तर तयार आहे: नाही झालं, आणि दर महिन्याला होणार आहे.

मी मात्र बसलेलाच. शपथ घेतली होती ना! आता उठावं की नाही, उठलो तर लोक काय म्हणतील, ह्या विचारात शेवटचा बाकही जाऊन आला, आणि तबकांवर पांढरं कापड पडलं.

तो ओठ पुसत परत आला, शेजारी बसला आणि माझी हाताची घडी निरखून बघितली.

“सगळे गेले,” तो म्हणाला, अख्ख्या चर्चला ऐकू जाईल असं. “तूच राहिलास. बावळट.”