धारेवरची फुंकर

मंगळवारी सकाळी दादा गेला.

महिन्याभराने मी औद्योगिक वसाहतीतून चालले होते. एका वर्कशॉपच्या दारात एक कारागीर ग्राइंडरवर लेथच्या टूलला, धातू कातायच्या पात्याला, धार लावत होता. धार पाहायला त्याने टूल चेहऱ्याजवळ नेले आणि फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली. दादाने कारखान्यात आयुष्यभर अशीच फुंकर मारली. उडालेली धूळ पुढच्या श्वासाबरोबर त्याच्याच छातीत जाऊन बसली, आणि शेवटी तिनेच त्याला नेले.

"अहो, नाकाला रुमाल तरी बांधा," मी म्हणाले.

"चष्म्यावर वाफ धरते, ताई. मग धार काय तुम्ही बघणार?" तो हसला. "आणि छातीतली धूळ उतरायला गूळ खातो की रोज! शेठच देतात."

दादालाही गूळ मिळत असे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोलादाच्या टूलच्या टोकाला त्याहून कठीण अशा कार्बाइडचा तुकडा आला. तो तापून झिजू नये म्हणून त्यावर सोनेरी मुलामा आला. नखाएवढ्या तुकड्याची एवढी काळजी वाहणाऱ्यांना ग्राइंडरपाशी धूळ ओढून घेणारा एक पंखा बसवावासा वाटला नाही. माणसाच्या छातीसाठी त्यांना गुळापलीकडे काही सुचलेच नाही.

तो पुन्हा वाकला आणि त्याने पुन्हा फुंकर मारली.

दादाचे ऑक्सिजनचे यंत्र भाड्याचे होते, ते परत गेले. त्याच्या खोलीत आता नुसती खाट आहे.