कमी हवा खाणारी गन

अर्नाळ्याची ती कोळीण मावशी मला एकदाच, सातिवलीच्या एका हार्डवेअरच्या दुकानात भेटली. मासळीचा टेम्पो ती घरीच रंगवत होती, पण अर्धा दरवाजा होईतो रंगाच्या फवाऱ्याला हवा पुरवणाऱ्या तिच्या छोट्या कॉम्प्रेसरचा दम संपायचा.

"मोठा कॉम्प्रेसर घ्या," दुकानदार म्हणाला.

"त्यापेक्षा कमी हवा खानारी गन दे ना!"

त्याने रंग फवारायची लहान गन काढली. मावशीने गनमध्ये पाणी भरायला लावलं, आपल्या घरी होता तसलाच कॉम्प्रेसर जोडायला लावला आणि पदर खोचून पुठ्ठ्यावर सावकाश हात फिरवला. फवारा शेवटपर्यंत एकसारखा पडला. ती खुदकन हसली.

"गॅरेजमध्ये का नाही देत?" मी विचारलं.

"गाडी माजी, मंग रंगवायची मजा दुसऱ्याला कशाला देऊ?"

मी नळाची तोटी घ्यायला गेलो होतो. परतताना मात्र माझ्या जुन्या स्कूटरला कोणता रंग शोभेल, तेच ठरवत होतो.