कर्जतच्या माळावर न दिसलेला लांडगा

माझी धाकटी बहीण सायली जनावरांची डॉक्टर. कर्जतकडच्या एका विहिरीत पडलेल्या, डावा कान फाटलेल्या लांडग्याचा मोडलेला पाय तिने बसवला आणि "आता पिंजऱ्यातच ठेवा" म्हणणाऱ्या सगळ्यांशी भांडून त्याला परत माळावर सोडायला लावलं. तो जगतोय की नाही हे कळावं म्हणून तिथे कॅमेरा लावला. समोर काही हललं की फोटो थेट तिच्या मोबाईलवर. सुरुवातीला शेळ्यामेंढ्यांचे आले, मग तेही बंद झाले. लांडग्याचा तर एकही नाही. "माझ्या हट्टापायी मेला गं तो, ताई," एवढंच ती म्हणायची. शेवटी मीच म्हटलं, चल, बघून येऊ. गाडी माझी आणि ड्रायव्हरही मीच, हे ओघाने आलंच.

संगमनेरहून लोणी, राहुरी, नगर आणि पुढे सोलापूर रस्त्याने मिरजगाव, तिथून कर्जत. गळिताच्या हंगामात जाणार असाल तर पहाटे निघा. आम्ही आरामात निघालो आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे गोगलगाय झालो. मिरजगावच्या अलीकडे एका धाब्यावर हुलग्याची शेंगोळी आणि बाजरीची भाकरी खाल्ली. शंभराच्या आत पोट भरतं, वर कांदा फुकट.

माळावर पोचलो तर चहूकडे पिवळं गवत, झाड औषधालाही नाही. त्यामुळे कॅमेरा लोखंडी खुंटाला बांधलेला. आणि त्या कॅमेऱ्यावर खताचं रिकामं पोतं, सुतळीने नीट आवळलेलं!

शेजारीच मेंढपाळांची पालं होती. तिथून एक बाई तरातरा आल्या. हिराबाई.

"पोतं म्याच घातलंय. त्यो डोळा वढ्याकडं बघतोय. आमी बायामानसांनी सकाळचं जायाचं कुटं?"

"पण मावशी, मी सगळ्यांना विचारून लावला होता."

"सगळ्यांस्नी म्हंजी कुनाला?"

सायलीने नावं सांगितली. सरपंच, हिराबाईंचे मालक, त्यांचे दीर. यादीत एकही बाई नव्हती. सायलीचा चेहरा बघून मला हसू आवरेना, पण चूक खरीच होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा, कुठे वळवू?"

मग जे झालं ते बघायला मी पुन्हा एवढं अंतर गाडी चालवेन. सायली खुंट फिरवायची, हिराबाई ओढ्याच्या वाटेवरून मुद्दाम चालून यायच्या आणि मोबाईलवर स्वतःचा फोटो तपासायच्या. "पदर दिसतुया. आनखी फिरव." शेवटी रिकाम्या गवताचा फोटो आला तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली.

"लांडग्याची भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"कोकरं जाळीच्या वाड्यात हायती, कुत्री हायती. त्येचं त्यो बघंल. पर आमचं फोटू न्हाई पायजेत."

मुक्काम कर्जतला. लॉज साधा, पण चादरी स्वच्छ. दुसरा दिवस हिराबाईंच्या शेळ्यांचे आणि वाऱ्याने डुलणाऱ्या गवताचे फोटो बघण्यात गेला. सायली मोबाईल खाली ठेवेना. मी समजूत घालायचं सोडून दिलं, कारण तोवर मलाही वाटायला लागलं होतं की तो नसावा.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या तयारीने टपरीवर चहा घेत होतो. मोबाईल वाजला. सायलीने बघितलं आणि ग्लास माझ्या हातात कोंबला. डावा कान फाटलेला, तोंडात ससा, चारही पाय जमिनीवर. तोच! ती भर रस्त्यात रडली, मग हसली. मलाही इतकं हलकं वाटलं की टपरीवाल्याला उगाच आणखी दोन चहा सांगितले.

परतीच्या वाटेवर नगर सोडायच्या आतच ती गाढ झोपली. मी रेडिओसुद्धा लावला नाही. माळावर दोन दिवस काढून मी काय पाहिलं म्हणाल, तर गवत, मेंढ्या आणि कॅमेऱ्याला धाकात ठेवणारी एक बाई. तरी ही सहल मला महागड्या सफारीपेक्षा मोलाची वाटते.

दारातच आईने विचारलं, "दिसला का गं लांडगा?"

"नाही," सायली म्हणाली. "पण आहे."