मधेच गप्प बसणारं मशीन

किस्से काही कुणी गोळा करायला जात नाही. आमच्या आणि शेजारच्या परसात एकच भिंत, तीही कमरेएवढी. एवढ्याशा भिंतीवरून धड भांडण होत नाही आणि गुपितही टिकत नाही. माळ्यावर रिकाम्या बरण्या साठाव्यात तसे किस्से साठतात. टाकवत नाहीत, आणि पाव्हणा आला की एखादा तरी खाली काढावा लागतो. आमचे हे म्हणतात, "तू भिंतीशी उभी राहतीस म्हणून साठतात." मी कपडे वाळत घालायला उभी राहते. दोरीच भिंतीजवळ आहे, त्याला मी काय करू?

तर शेजारच्या अण्णांच्या मशीनचे किस्से.

अण्णा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, मूळचे पाटणकडचे. त्यांच्या मंडळी, कुसुमवहिनी, आमच्या बायकांच्या भजनी मंडळात पुढं म्हणायच्या. त्या एक ओळ म्हणायच्या आणि आम्ही सगळ्या मिळून ती बिघडवायचो.

त्या वर्षी वहिनींच्या गळ्याला गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळीनंतर काढून टाकू. जिवाला भीती नाही, पण आवाजाचं आत्ता काही सांगता येत नाही.

अण्णा घरी आले. जहाजावर नोकरीला असलेल्या भाच्याला त्यांनी लगेच निरोप धाडला: गाणं टेप करायचं सगळ्यात चांगलं मशीन आण.

मी म्हटलं, "अण्णा, आमचा टेप आहे की. न्या."

"तुमचा टेप खरखरतो, शालन. हिचा आवाज काय खरखरीत ठिवायचा?"

भाच्यानं डिजिटल मशीन आणलं. पोथीएवढं, खांद्याला अडकवायचा पट्टा, आत आगपेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट. भाचा म्हणाला, "मामा, यात खरखर औषधाला सापडायची नाही."

खरंच सापडली नाही. वहिनींनी पहिलं गाणं म्हटलं, अण्णांनी लावून ऐकलं. आवाज घंटेसारखा स्वच्छ. फक्त मधेमधे तो नव्हताच!

* * *

वहिनींनी आधी दोष स्वतःकडं घेतला. "मी श्वास घेतला असंल तिथं."

"शब्दाच्या मधोमध?"

"आवं, वय झालं आता."

अण्णांना ते पटलं नाही. मशीनची परीक्षा घ्यायची तर पाठ असलेलं काहीतरी म्हणायला हवं, म्हणून ते स्वतः माईकसमोर बसले आणि एकोणतीसचा पाढा म्हणाले. आमचे हे साक्षीदार म्हणून भिंतीवर बसले होते.

टेप लावली. एकोणतीस पाचापर्यंत ठणठणीत. मग शांतता. मग एकदम एकोणतीस साते!

"बघा," अण्णा म्हणाले. "सक्कं खाल्लं मशीननं."

हे म्हणाले, "अण्णा, मशीनला कशाला नाव ठेवता? तुम्हाला सक्कं येतच न्हाई."

अण्णा चिडले. पुन्हा पाढा म्हटला, पुन्हा लावला. या खेपेला सक्कं आलं, आठ्ठे गेलं.

"आता आठ्ठे विसरला," हे म्हणाले आणि आंघोळीला गेले.

* * *

मग अण्णांना कुणीतरी सांगितलं की आजूबाजूच्या विजेच्या वस्तूंचा मशीनला त्रास होत असेल. झालं! वहिनी गायला बसल्या की अण्णा परसात येऊन ओरडायचे, "मिक्सर बंद!"

आम्ही बंद करायचो. वहिनींच्या गळ्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं कुणी कुरकुर केली नाही. मी लसणाची चटणी खलबत्त्यात कुटायला लागले. तर अण्णा पुन्हा भिंतीशी. "शालन, खलबत्ता टेपमध्ये येतोय. गाण्यापेक्षा तालात हाय, पण नको."

पंखे बंद झाले, टीव्ही बंद झाले. समोरच्या घरातल्या फ्रिजमधलं दूध नासलं, ते त्यांनी खरवस म्हणून वाटलं. टेपमधल्या खिंडी जिथल्या तिथं.

एका दुपारी पेठेचीच लाईट गेली. अण्णा आनंदले. मशीन सेलवर चालायचं. वहिनींना बसवलं, गाणं टेप केलं, लावलं. आवाज दोनदा गेला.

अण्णा अंधाऱ्या सोप्यात बसून म्हणाले, "आता कुणाला बंद करू?"

वहिनी म्हणाल्या, "तुमी जरा बंद व्हा."

* * *

पावसाळ्यात मशीननं नवीन दुखणं काढलं. एक दिवा लुकलुकायचा आणि मशीन जागचं हलायचंच नाही. भाच्यानं फोनवर सांगितलं, "मामा, आत ओल धरलीय. कोरड्या, उबदार जागी ठेवा."

श्रावणातल्या साताऱ्यात कोरडी, उबदार जागा! आमच्या पेठेत तशी एकच होती: आमची मधली खोली. माझी लेक बाळंतपणाला आली होती. दारं-खिडक्या बंद, पेटलेली शेगडी, निखाऱ्यावर ओवा, आणि सासूबाई बाळाला धुरी देतायत.

अण्णा दाराबाहेर तोंड फिरवून उभे राहिले आणि मशीन आत सरकवलं. "शालन, बाळाचं झालं की ह्यालाबी जरा."

सासूबाईंनी आयुष्यात कुणाला अर्धवट धुरी दिली नव्हती. त्यांनी मशीन दोन्ही हातांत धरलं, झाकण उघडून पोटाकडून शेकलं, पालथं करून पाठीकडून शेकलं. वर काजळाचं बोट लावलं. लुकलुकणारा दिवा विझला आणि चाक फिरायला लागलं.

"पोट गच्च झालं होतं," सासूबाई म्हणाल्या. "मोकळं झालं. उद्याबी आणा म्हणावं."

अण्णा आठवडाभर आणत होते.

* * *

दसऱ्याला आपल्याकडं हत्यारांची पूजा असते. ज्याच्यावर पोट भरतं, काम होतं, ते पाटावर मांडायचं. अण्णांच्या पाटावर दरवर्षी विळा, कुऱ्हाड, जमीन मोजायची टेप आणि वहिनींची पेटी असायची. त्या वर्षी शेजारी मशीन.

मी आपट्याची पानं द्यायला गेले तेव्हा वहिनी मशीनचं झाकण उघडून करंगळीनं आत कुंकू लावत होत्या. पेटीला बाहेरून बोट ओढलं होतं. मशीनला आत, बरोबर फिरत्या चाकाला. वरून हळद. वरून अक्षता.

मी म्हटलं, "वहिनी, बाहेरून लावायचं की."

"बाहेरून लावून त्याला कसं पोचणार गं? काम तर आत चालतंय."

तेवढ्यात अण्णा बाहेर आले. त्यांनी मशीन पाहिलं. हळद पाहिली. चाकावरचं लालभडक बोट पाहिलं. सणाचा दिवस आणि त्यातून बायको गळ्याला मफलर गुंडाळून बसलेली. ते खाली बसले, मशीनला नमस्कार केला आणि म्हणाले, "फूल वाहायचं राहिलं का?"

वहिनींनी झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या.

* * *

दसऱ्यानंतर आवाज इतका तुटायला लागला की गाण्यात खिंडी आहेत का खिंडींत गाणं आहे ते कळेना. दिवाळी तोंडावर आलेली. अण्णा मशीन घेऊन सांगलीला निघाले. तिथं एकजण सिनेमाच्या थेटरांचे आणि बँडवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करायचा. एसटीत अण्णांनी मशीन टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलं होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "झोपलं का?" अण्णा म्हणाले, "मधेमधे झोपतंय."

आमचे हे सोबत गेले होते, म्हणून मला हे खरं खरं कळलं.

दुकानदारानं मोठ्या ऐटीत स्क्रू काढले, झाकण उचललं आणि नाक आत घातलं. मग मान वर करून दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"ह्यात कोण बाळंत झालंय?"

अण्णा टॉवेलाची घडी घालायला लागले. त्यानं चिमट्यानं अक्षतेचा दाणा काढला, टेबलावर ठेवला. दुसरा काढला. झेंडूची पाकळी काढली. मग चिमटा खाली ठेवला.

"काका, हे मशीन हाय का देव्हारा?"

त्यानं फुंकर मारली, फडक्यानं जमेल तेवढं पुसलं आणि हात टेकले. "फॉरेनचा जीव हाय. जास्त हात लावला तर हाय तेबी जाईल. चालतंय तवर काम उरकून घ्या."

परतीची एसटी कऱ्हाडला थांबली. तिथं चहा घेताना अण्णा म्हणाले, "तोबी डॉक्टरागतच बोलला."

* * *

मिरजेला निघायच्या आदल्या दिवशी वहिनींनी शेवटचं टेप केलं. अभंग झाले, गौळण झाली. सगळं मंडळ सोप्यात बसलेलं. अण्णांनी ताकीद दिली होती, कुणी 'वा' म्हणायचं नाही, खोकायचं नाही. गुलाबाक्कांना दर ओळीला "माऊली!" म्हणायची सवय. त्यांनी पदराचा बोळा करून तोंडात धरला होता.

सगळ्यात शेवटी वहिनींनी पेटी बाजूला सारली आणि त्यांच्या आईची एक ओवी म्हटली.

पीठ भरलं पाटीत, वर फडक्याची घडी,
कोयनेच्या काठी, माझ्या भावाची गं वाडी.

इतकी वर्षं आम्ही एका मंडळात, पण ही ओवी त्यांनी कधी म्हटली नव्हती. गुलाबाक्कांनी बोळा काढून डोळ्यांना लावला.

अण्णांनी टेप मागं नेऊन लावली. अभंग अख्खे आले. गौळण अख्खी आली. आम्ही एकमेकींकडं बघायला लागलो. ओवीची पहिली ओळ आली. दुसरी सुरू झाली, "कोयनेच्या काठी..."

आणि मशीन गप्प.

मग नुसतं "...वाडी."

वहिनी म्हणाल्या, "पुन्यांदा म्हणू?" पण तेवढं बोलताना त्यांचा हात गळ्याकडं गेला.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "आता घसा जपायचा." त्यांनी मशीन बंद केलं आणि त्याच्यावर टॉवेल टाकला.

* * *

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर तोंडातून अक्षर काढायचं नाही.

वहिनी खुणा करायच्या. आम्ही भेटायला गेलो की आम्हीही खुणाच करायचो. त्यांना ऐकू चांगलं येत होतं, हे आमच्या लक्षातच राहायचं नाही. गुलाबाक्कांनी एकदा आटपाडीच्या त्यांच्या सुनेचं अख्खं भांडण हातवाऱ्यांनी सांगितलं. सून रुसून माहेरी कशी गेली ते दाखवायला सोप्यातून अंगणापर्यंत चालून आल्या. वहिनींनी हसू दाबलं आणि खुणेनं विचारलं, पाणी हवं का? गुलाबाक्का दम खात म्हणाल्या, "तुम्ही काय म्हणता ते कळंना, जरा मोठ्यानं बोला."

* * *

महिना सरला. डॉक्टर म्हणाले, आता बोला. वहिनी बोलायला लागल्या, पण कामापुरतं. आवाज जाडा झाला होता, तळाला काहीतरी घासल्यासारखा. मंडळात यायच्या, टाळ धरायच्या आणि ओठ मिटून बसायच्या. मी एकदा म्हटलं, "वहिनी, नुसतं गुणगुणा की." त्यांनी मान हलवली आणि टाळ माझ्या हातात दिला.

अण्णा रोज सकाळी बंब पेटवला की मशीन लावायचे. अभंग, गौळण, ओवी. वहिनी तेवढ्यात काहीतरी काम काढून भांडी आपटायच्या. ओवीत ती जागा आली की अण्णा मशीनला एक चापट मारायचे. रोजची. आम्ही त्यावर घड्याळ लावायचो.

थंडीतली एक सकाळ. मी कपडे वाळत घालत होते. खरंच कपडेच. शेजारी ओवी लागली होती. "कोयनेच्या काठी..." आणि मशीन गप्प.

स्वयंपाकघरातून जाडा, घोगरा आवाज आला, "माझ्या भावाची गं..."

"...वाडी," मशीन म्हणालं.

भांडी आपटायची थांबली. अण्णांचा चापट मारायला उचललेला हात वरच राहिला. मी पिळलेलं धोतर तसंच धरून उभी. मग वहिनींनी आतून विचारलं, "आवं, पाणी तापलं का?"

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. त्यानंतर रोजच.

उन्हाळ्यात भाचा सुट्टीवर आला. त्याच्याजवळ त्याचं स्वतःचं तसलंच मशीन होतं. त्यात त्यानं ती कॅसेट घातली, कानाला लावून बसला आणि धावतच परसात आला. "मामा! ओवी पुरी आहे यात, एक अक्षर गेलेलं नाही! तुमच्या मशीनचं हेड, ते आतलं फिरतं चाक, घाण झालंय, त्याला टेप वाचता येत नाही एवढंच." आणि त्यानं अण्णांच्या हातावर एक नवीकोरी कॅसेट ठेवली. साफ करायची. घालायची, क्षणभर फिरवायची, काढायची. बस्स!

अण्णांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, "लय झाक हाय," म्हणाले, आणि कपाटाच्या वर, जुन्या छत्र्यांच्या मागं ठेवून दिली.

भाचा जहाजावर परत गेला. पावसाळा आला. ती कॅसेट छत्र्यांच्या मागंच. शेवटी मला राहवेना. बंबात लाकडं घालत होते अण्णा, तेव्हा भिंतीवरून म्हटलं, "अण्णा, एवढी कॅसेट आणून दिलीय, मशीन साफ करून घ्या की एकदा!"

अण्णांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"का? मशीनला काय धाड भरलीय?"