चार तुकड्यांची चिप

सुनयनाचा नवरा ऋग्वेद गुरुग्रामला एका चिप कंपनीत, तर धाकटा भाऊ यशराज नोएडाला प्रतिस्पर्धी कंपनीत. दोघंही प्रोसेसरचं डिझाइन करणारे. म्हणून तिनं घरात एक रीत घालून दिली होती: बाजारात आलेल्या चिपवरून खुशाल भांडा, न आलेलीचं नाव काढायचं नाही.

यंदा भाऊबीजेला ओवाळून झालं, चकल्यांचं ताट पुढ्यात आलं आणि यशराजला चेव चढला.

"दाजी, तुमच्या चिपवर ताईनं चकल्या तळाव्यात. गॅस वाचेल!"

"तुमची गारच राहणार. काम कुठे करते ती?"

"अच्छा? अरे यार, एवढी मोठी सलग चिप काढता, कोपऱ्यात खोट निघाली की सगळीच कचऱ्यात. आमच्यासारखे छोटे तुकडे जोडा ना. पण तुमच्याकडे कुणाला जमायचंय!"

"जमत नाही? पुढच्या वर्षी बघ. चार तुकडे आहेत, चार!"

बोलून गेला आणि ऋग्वेदचा चेहरा उतरला. यशराजनं बशी खाली ठेवली. सुनयनाला चिपमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ही चिप अजून बाजारात नाही, एवढं त्या दोन चेहऱ्यांवरून कळलं.

निघताना यशराज दाराशी घुटमळला. "ताई, दुसऱ्या कंपनीचं गुपित कानावर पडलं तर ऑफिसला कळवायचं, असा आमच्याकडे नियम आहे. नाही कळवलं आणि उद्या आमच्या डिझाइनमध्ये तसलंच काही निघालं, तर चोर मी ठरेन."

"आणि कळवलंस तर?"

त्यानं लिफ्टचं बटण दाबलं. "दाजींची नोकरी... तू म्हणशील तसं करतो."

दार लागताच ऋग्वेद म्हणाला, "त्याला सांग ना, विसरून जा म्हणावं. तुझं ऐकेल तो."

ऐकेल, हीच तर तिची भीती होती. तिच्या एका शब्दावर भाऊ जन्मभर गप्प बसला असता, आणि चोर ठरण्याची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर आली असती. दुसऱ्या दिवसापासून फोन वाजला की ती दचकायची. साताऱ्याहून लग्न होऊन आल्यापासून उभा केलेला हा संसार या एका नोकरीवर होता.

शेवटी ती म्हणाली, "मी त्याला गप्प बसवणार नाही. तूच जा आणि साहेबांना सांग. त्यांना बाहेरून कळायच्या आत."

"नोकरी जाईल, सुनयना."

"माहितीये."

सोमवारी तो गेला. तिनं पोळ्यांना कणीक भिजवली आणि तशीच परातीशी बसून राहिली. दुपारी फोन आला. मागे मेट्रोची घोषणा ऐकू येत होती.

"कार्ड, लॅपटॉप काढून घेतलं. चौकशी होईपर्यंत घरीच. पुढचं काही सांगत नाहीत."

"ये तू," एवढंच ती म्हणाली. मग तिनं भावाला फोन लावला.

"यश, दाजींनी सांगितलं ऑफिसात. आता तुझं तू सांगून टाक."

"ताई, रडतेयस?"

"हो. पण तू सांग."